गायरानाची फिल्म: प्रदर्शनाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, अंबाजोगाई

गायरान, म्हणजे गावाच्या गुरांना चरायला राखलेलं सरकारी रान. ते कसणाऱ्या भूमिहीनांवरच्या आमच्या माहितीपटाचं एडिट जवळपास लॉक झालं. ७२ मिनिटं. आज आम्ही तिघं, म्हणजे मी, कॅमेरावाला आणि एडिटर, एकाच प्रश्नावर बसलो होतो: आधी कुणाला दाखवायची?

एडिटरचं म्हणणं सरळ होतं. आधी महोत्सव, मग शहरांतले खेळ, मग ऑनलाइन आणि जमेल तेव्हा गावं. माहितीपटांची वाट साधारण अशीच असते. महोत्सवात निवड झाली की वर्तमानपत्रं दखल घेतात, झालेल्या खर्चातलं थोडं परत यायची आशा असते. मी म्हणालो, ज्यांच्या जमिनीची ही गोष्ट आहे त्यांनी आधी बघावी, हरकत असेल तर सांगावी, मग बाकीच्यांनी. कॅमेरावाला धारूरकडचा, ऊसतोडीच्या घरातला. तो एवढंच म्हणाला, "पण माणसं कुठायत गावात?"

खरं आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. वस्त्यांवर म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि शेळ्या. टोळ्या पाडव्याच्या आगंमागं परत येतील, जूनमध्ये पेरणीला लागतील. म्हणजे आमच्या हातात एप्रिल आणि मे. प्रदर्शनाचं कॅलेंडर उसाच्या हंगामाने ठरवून टाकलं. गावं आधी.

१८ जानेवारी, अंबाजोगाई

जमिनीच्या दाव्यांचं काम करणाऱ्या वकिलांना आज फिल्म दाखवली. ४१ व्या मिनिटाला ते म्हणाले, "थांबवा. परत दाखवा."

तात्यांचा शॉट. तात्या म्हणजे धारूर तालुक्यातले गायरान कसणारे. बांधावर उकिडवे बसलेत, मागे बालाघाटाचा उतार, हातात ढेकूळ. म्हणतात, "किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच्या आदल्या साली हे रान फोडलं आम्ही. दगडं येचून येचून बोटं सोलली." आमच्या मते फिल्ममधला सगळ्यात खरा क्षण. आवाज, उजेड, चेहरा, सगळं जमलेलं.

भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. आदलं साल म्हणजे १९९२. आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानुसार भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची ती १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली. वकील म्हणाले, "तात्या स्वतःच्या तोंडाने सांगतायत की मी मुदतीनंतर आलो. उद्या कुणी हे जोडलं तर दावा तिथंच संपला."

गावातली माणसं काळ मोजतात तो दुष्काळाने, भूकंपाने, लेकीच्या लग्नाने. फायलीला तारीख लागते. या दोन मोजण्यांच्या मधे किती कुटुंबांच्या जमिनी अडकल्यात, हे या फिल्मच्या कामात फार जवळून बघितलं.

२ फेब्रुवारी, धारूर तालुका

तात्यांकडे जाऊन तो तुकडा मोबाईलवर दाखवला आणि वकिलांचं म्हणणं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "मी खोटं बोललो का?" नाही, खोटं नाही. त्यांनी नीट उलगडून सांगितलं. वरची पट्टी त्यांच्या वडलांनी कधीच फोडलेली, खालचा दगडाळ तुकडा भूकंपाच्या आदल्या साली. शूटिंगच्या दिवशी आम्ही बसलो होतो खालच्या तुकड्यावर, म्हणून तोंडात तेच साल आलं.

वरच्या पट्टीचा पुरावा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून काढला. खताच्या पिशवीत घडी केलेल्या दंडाच्या पावत्या. गायरान कसणाऱ्याला जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली दंड होतो आणि त्याचं नाव गाव नमुना एक-ई मध्ये, अतिक्रमणाच्या नोंदवहीत चढतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, दंड म्हणजे संकट. इथं माणसं तलाठ्याच्या मागे लागतात, "साहेब, दंड करा पण पावती द्या." कारण कसत असल्याचा सरकारी कागद त्यांच्याकडे तेवढा एकच. तात्यांची सगळ्यात जुनी पावती १९८७ ची आहे. जपायची म्हणून लेकाने दोन पावत्या लॅमिनेट करून आणल्या होत्या, त्यांच्यावरची शाई उडून अक्षरं पिवळट डागासारखी झालीत. न लॅमिनेट केलेली मात्र शाबूत.

पोरं सांगलीकडच्या उसाच्या फडावर. फोन लावला. थोरला म्हणाला, "ते वाक्य काढा दादा. बाकी काय ठेवायचं ते ठेवा." तात्या म्हणाले, "माझं म्हणणं राहू द्या. पण जमीन आता पोरांची हाय, पोरं म्हणतेत तसं करा."

वाक्य काढलं. दगड वेचल्याचं राहिलं, भूकंपाचं गेलं, आणि त्या जागी पावत्यांचे शॉट आले. एडिटरला फार लागलं ते. मलाही लागलं. पण दोन एकर खडकाळ रानापुढे आपल्या फिल्ममधला एक क्षण ठेवायचाच नसतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. यानंतर फिल्ममधल्या प्रत्येकाला त्याचा तुकडा दाखवून पुन्हा संमती घ्यायची असं ठरलं. शूटिंगच्या वेळी घेतलेली सही पुरेशी नाही. तेव्हा त्यांना फक्त कॅमेरा दिसत होता, फिल्म दिसत नव्हती.

१० फेब्रुवारी, अंबाजोगाई

सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर अर्ज भरला. सार्वजनिक खेळ करायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने प्रमाणपत्र लागतं, मग ते मल्टिप्लेक्स असो की शाळेचं मैदान. छोट्या निर्मात्यांनी आधीपासून लक्षात ठेवाव्यात अशा दोन गोष्टी. फिल्ममध्ये नांगराला बैल दिसतात, त्यामुळे प्राणी कल्याण मंडळाचे कागद लागतात. शूटिंगच्या वेळीच कुणाचे बैल, कुठलं काम, याची टिपणं ठेवली असतील तर सोपं जातं. आणि आमच्या निम्म्या मुलाखतींत कुणी ना कुणी तंबाखू मळतंय. त्या दृश्यांवर इशारा, सुरुवातीला आणि मध्यंतरात आरोग्यसंदेश, हे सगळं बसवावं लागतं.

२ मार्च

गाण्याचा पेच. जयंतीच्या मिरवणुकीच्या शॉटमागे ट्रॅक्टरवरच्या भोंग्यातून एक जुनं भीमगीत वाजतंय. हक्क एका कंपनीकडे. ऑनलाइन टाकलं की यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे हक्काची गाणी ओळखणारी यंत्रणा, पकडणार. त्या जागी केजकडच्या मावशींनी जात्यावर म्हटलेली ओवी घेतली, त्यांना विचारून, मानधन देऊन. शॉटला ती जास्त शोभते.

५ एप्रिल

प्रमाणपत्र आलं. 'यू'. टोळ्याही परतल्यात. वस्त्यांवर पुन्हा माणसांचा आवाज आहे.

१२ एप्रिल, केज तालुका

पहिला खेळ. १४ तारखेला करा असं सगळ्यांचं म्हणणं होतं, पण त्या रात्री मिरवणूक असते, फिल्म कोण बघणार? म्हणून दोन दिवस आधी.

जागेवरून बरीच चर्चा झाली. वस्तीतल्या समाजमंदिरापुढे पडदा लावला तर गावातले बाकीचे येणार नाहीत. मारुतीच्या पारावर लावला तर वस्तीतल्या बायका मोकळेपणी बसणार नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान सगळ्यांचं, म्हणून तिथं. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, स्पीकरची वेगळी. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे जमावबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात, त्यामुळे परवानगी हातात असल्याशिवाय पडदा ताणायचा नाही असा आमचा नियम. रात्री दहाला स्पीकर बंद. एप्रिलमध्ये साडेसातनंतरच पडद्यावर काही दिसतं. आठला सुरू, सव्वानऊला संपते, चर्चेला पाऊण तास. लाईट गेलीच, सोळाव्या मिनिटाला. जनरेटर भाड्याने आणून ठेवला होता.

जाहिरात रिक्षाने केली. दिवसभर पाच गावांतून रिक्षा फिरवली, "आपल्याच माणसांचा पिच्चर, आपल्याच शाळेत." फ्लेक्सवर कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो टाकला नाही. पावत्यांची पेटी आणि तिच्यावर एका बाईचा हात, एवढंच. एक-दोघांनी विचारलं, साहेबांचा फोटो टाकला असता तर खर्च निघाला असता. निघाला असता, पण मग मैदानात त्या साहेबांच्या बाजूचेच लोक आले असते.

फिल्ममध्ये इतिहासाचा भाग सात-आठ मिनिटांचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात १९५३ मध्ये झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह, मग ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशभरातला. नव्वदच्या दशकात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा प्रश्न गावोगाव उभा केला, तो काळ. मला भीती होती की इथं लोक कंटाळतील. उलट झालं. १९६४ चं नाव आलं तशी मागून एक आजी मोठ्याने म्हणाली, "माझी माय गेलती त्यात. मी कडेवर होते." सगळ्यांनी माना मागे वळवल्या. फिल्म चालूच राहिली, पण पुढची दोन मिनिटं कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. आजींना नंतर बसवून सगळं रेकॉर्ड केलं. फिल्ममध्ये ते येणार नाही, ऑनलाइन वेगळं टाकू.

शेवटी एक बाई उठल्या. त्यांचं स्वतःचं गायरान फिल्ममध्ये आहे. म्हणाल्या, "आमचं हे सगळं दाखवलंव, चांगलं केलंव. पण रान नावावर कधी व्हतंय ते काही सांगितलं नाही त्यात." याचं उत्तर फिल्मकडे नाही, आमच्याकडेही नाही. वकील सोबत होते, ते बोलले. पुढच्या प्रत्येक खेळाला ते किंवा त्यांचे सहकारी असलेच पाहिजेत. नुसती फिल्म घेऊन या गावांत जाण्यात अर्थ नाही.

२० एप्रिल, धारूर तालुका

आजची चर्चा सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढच्या गावांतही हा प्रश्न येणार.

फिल्म संपल्यावर एक मेंढपाळ उठले. साठीतले, खांद्यावर घोंगडी. शांतपणे म्हणाले, "गायरान म्हंजी चरायचं रान. यांनी पेरलं, सरकारनं सोलरच्या प्लेटा लावल्या, मग माझी मेंढरं कुठं न्यायची?" थोडी कुजबुज झाली, कुणीतरी "बसा खाली" म्हणालं. तात्या उठले आणि त्या माणसाला म्हणाले, "बसू नका. बोला."

मग जे बोलणं झालं ते आमच्या फिल्मपेक्षा पुढे गेलं. मेंढपाळांचं म्हणणं फिल्ममध्ये आहे, दोन मिनिटं. आज कळलं की ती दोन मिनिटं त्यांना तोंडदेखली वाटतात. कायद्याच्या अंगानेही त्यांचा मुद्दा कच्चा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असंच सांगितलं. त्याच निकालात अपवादही आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनी, किंवा जिथं आधीच शाळा, दवाखाना आहे अशा जागा. आपल्या बाजूचे कार्यकर्ते बहुतेक वेळा अपवादच तेवढा सांगतात, विरोधातले लोक नियमच तेवढा सांगतात. आज वकिलांनी दोन्ही वाचून दाखवलं. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा आल्या तेव्हा कुणी इतकं नीट सांगितलं असतं तर निम्मी घबराट टळली असती.

मेंढपाळ आणि कसणारे यांच्यात एका गोष्टीवर एकमत झालं, ते सौर प्रकल्पांवर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी गायरानं दिली जायला लागलीत. ग्रामसभेला नीट विचारल्याशिवाय हे होऊ नये, असं दोघंही म्हणाले. दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच आहे, त्याला कुणाचा विरोध नाही. विरोध याला आहे की कसणाऱ्याला म्हणायचं सामाईक जमीन मोकळी करा आणि तीच जमीन कुंपण घालून दुसऱ्याला द्यायची.

१६ मे

अवकाळी. एवढा पाऊस मे महिन्यात म्हातारी माणसंही आठवत नाहीत म्हणतात. परळी आणि गेवराईकडचे खेळ पुढे ढकलले. एका ठिकाणी वाऱ्याने पडदा फाटला, शाळेच्या भिंतीला चुना लावून त्यावर दाखवली. भिंत पडद्यापेक्षा बरी आहे, वाऱ्याने हलत नाही.

१९ जून

एका मोठ्या महोत्सवाची मेल आली. निवड समितीला फिल्म आवडली आहे, पण नियमाप्रमाणे भारतातला पहिला खेळ त्यांच्याकडे व्हायला हवा, आधी कुठं दाखवली असेल तर कळवा. कळवलं. उत्तर आलं, या वर्षी शक्य नाही.

एडिटर दोन दिवस गप्प होता. त्याचं दुःख मला समजतं. त्याने या फिल्मवर जितक्या रात्री घातल्या त्याचं मोल अशाच ठिकाणी होतं. महोत्सवांचा नियम त्यांच्या जागी असेल. पण ज्या फिल्ममधली माणसं वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर असतात, तिला आधी गाव की आधी महोत्सव हा पर्याय खरा नाहीच. एप्रिल गेला असता तर पुढचा एप्रिल. तोवर तात्यांच्या वयाची किती माणसं राहतील?

हा नियम नसलेले महोत्सव शोधून तिथं पाठवतोय.

१ ऑगस्ट, परभणी

अण्णाभाऊ साठे जयंती. सकाळी अभिवादन, दुपारी सभागृहात खेळ. तरुण पोरं-पोरी भरपूर. शहरातल्या प्रेक्षकांना एक-ई, पेरा, पावती हे काही माहीत नसतं, तरी कुणी उठून गेलं नाही. एका मुलीने विचारलं, आजोबांकडे अशा पावत्या आहेत, त्यांचं काय करायचं? वकिलांनी सांगितलं: लॅमिनेट करू नका, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एक-ईच्या नोंदीची नक्कल रीतसर अर्ज करून मागा. यावरूनच एक छोटा व्हिडिओ केला, 'पावत्या कशा जपायच्या'. ट्रेलरपेक्षा तो जास्त फिरतोय. प्रसिद्धी म्हणून केला नव्हता, पण खेळ मागणारे बरेच फोन त्यातूनच आले.

२५ सप्टेंबर, माजलगाव

सगळे खेळ रद्द. सिंदफणेला पूर, गोदाकाठ पाण्याखाली, धाराशिवकडून येणाऱ्या बातम्या तर बघवत नाहीत. प्रोजेक्टर कपाटात ठेवून आम्ही कॅमेरा घेऊन बाहेर पडलो.

पंचनामे सुरू होतील तेव्हा काय होणार, हे गायरान कसणाऱ्यांना आत्ताच ठाऊक आहे. मदत सातबाऱ्यावरच्या नावाने मिळते. ई-पीक पाहणी सातबाऱ्यावर होते. पीक विम्याचंही तेच. ज्याचं नाव फक्त अतिक्रमणाच्या वहीत आहे त्याचं सोयाबीन वाहून गेलं तरी कागदावर ते वाहून जात नाही, कारण कागदावर ते पेरलेलंच नसतं. केजच्या त्या बाईंचं रान बघून आलो. माती खरवडून गेलीय, खालचा मुरूम उघडा पडलाय. ज्या दगडांचे बांध त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत रचले ते नाल्यात पडलेत. त्यांनी तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, मी येऊन बघतो, पण लिहू कुठं? त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याच्या नमुन्यात तो रकानाच नाही.

फिल्ममधला पेरणीचा भाग आणि हे आजचं रान, दोन्ही जोडून तीन मिनिटांचा तुकडा करतोय. त्यांची परवानगी घेतली. गट क्रमांक दाखवायचा नाही.

११ ऑक्टोबर

सरकारने ७ तारखेला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आमचा तीन मिनिटांचा तुकडा त्याच आठवड्यात बराच फिरला. दोन दैनिकांनी त्यावरून बातम्या केल्या, गायरानधारकांचाही पंचनामा करा अशी निवेदनं काही तहसिलांवर गेली. मदत मिळेल की नाही ते पुढे दिसेल. माझ्या मते या वर्षभरात आम्ही केलेल्या कामात सगळ्यात वेळेवर झालेलं हेच.

२८ ऑक्टोबर, धारूर

उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, घेऊन झालीय, गाड्या भरायला लागल्यात. कारखाने १ नोव्हेंबरपासून सुरू होणार. काही वस्त्यांवरचे राहिलेले खेळ आता एप्रिलआधी होत नाहीत. ज्यांनी अजून बघितलेली नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर चालेल अशी हलकी फाईल केली आणि टोळीतल्या एकेका पोराकडे दिली. फिल्ममध्ये दिसणाऱ्यांना विचारून. बाहेर कुठं टाकायची नाही, हे पोरांना सांगितलंय आणि त्यांनी ते मानलंय. मुकादम म्हणाले, कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या खोपटांवर, रविवारी दाखवतो.

ऑनलाइन प्रदर्शनाची तारीख आज पक्की केली: १४ एप्रिल २०२६. शासन निर्णयातली शेवटची तारीख १४ एप्रिल १९९०, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: तोवर टोळ्या परत आलेल्या असतील. फिल्म जगापुढे गेल्यावर कुणाला धमकी आली, कुणाला नोटीस आली, कुणाला नुसतंच बोलणं ऐकावं लागलं, तर ती माणसं फडावर एकटी नकोत, आपल्या गावात, आपल्या माणसांत हवीत.

तोवरची कामं: हिंदी आणि इंग्रजी सबटायटल, गट क्रमांक दिसणारे शॉट ब्लर करणं, आजींची मुलाखत कापून वेगळी करणं. मेंढपाळांसोबत पुन्हा शूटिंग, या वेळी त्यांचे कळप जिथं जातात तिथंपर्यंत. त्याची स्वतंत्र छोटी फिल्म होईल. डिसेंबरमध्ये सांगलीकडे जायचं, तात्यांच्या पोरांच्या फडावर, प्रोजेक्टर घेऊन. थोरल्याला फोन केला होता. म्हणाला, या, पण रात्री आठनंतर लावा, त्याआधी गाडी भरून होत नाही.